जुन्या सुरांची नवी घडी

कोणत्याही वस्तूची नवी आवृत्ती निघाली की जुनी आपोआप कमी प्रतीची वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत जाते. मग दोहोंत एक प्रस्तावना आणि छपाईच्या चार चुका एवढाच फरक का असेना. पुस्तकांच्या बाबतीत हा मोह फार तर खिशाला चाट लावतो. परंतु ज्या वस्तूची दुसरी प्रत जगात कोठेही मिळणार नाही, तिला हात घालताना हाच मोह झाला तर थोडे थांबून विचार करावयास हवा. असा प्रसंग यंदा आपल्या महाविद्यालयात आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या संगीत मंडळाजवळ जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक लहानसा संग्रह आहे. गणेशोत्सवातील गायन, देवळातील भजने, स्नेहसंमेलनातील नाट्यगीते, कोणा रसिकाने घरच्या बैठकीत टेपवर धरून ठेवलेला एखादा ख्याल, असे त्याचे स्वरूप. आपल्या आधीच्या विद्यार्थ्यांनी कॅसेटी आणि स्पूल लावून हे सारे संगणकात उतरवले आणि ‘फ्लॅक’ पद्धतीच्या फाईलींत साठवले. आता काही उत्साही मित्रांनी सूचना मांडली आहे की, फ्लॅकच्या एन्कोडरची नवी आवृत्ती उपलब्ध असताना जुन्या आवृत्तीने केलेल्या फाईली तशाच ठेवणे बरे नव्हे. उन्हाळ्याच्या सुटीत संपूर्ण संग्रह नव्या एन्कोडरमधून पुन्हा काढावा. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. सुटीचे दिवस जुन्या गाण्यासाठी देण्यास तयार असलेले विद्यार्थी मिळणे हे मंडळाचे भाग्यच. तरीही ही सूचना आहे तशी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मत मांडण्यापूर्वी मूळ विषयाची थोडी फोड करणे अवश्य आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकजण कला शाखेचे, आणि एन्कोडर हा शब्द ऐकताच मान खाली घालणारे.

ध्वनी संगणकात शिरतो तो आकड्यांच्या रूपाने. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणानुसार दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीच्या लहरीची उंची मोजली जाते. तीही डावी आणि उजवी अशा दोन बाजूंसाठी. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. हिशेब केला तर एका तासाच्या गाण्याला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. ही जागा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक एमपी-थ्रीचा. कानाला फारसे जाणवणार नाही असे जे काही असेल ते कापून टाकावयाचे. कापलेले परत येत नाही, आणि एमपी-थ्रीवरून पुन्हा एमपी-थ्री केली तर झेरॉक्सच्या झेरॉक्सप्रमाणे आणखी काही जाते. दुसरा मार्ग फ्लॅकचा. येथे काहीही टाकावयाचे नाही, फक्त घडी नीट घालावयाची. नऊवारी लुगडे बोळा करून कोंबले तर ट्रंक भरते. व्यवस्थित घडी केली तर तेच लुगडे एका कोपऱ्यात मावते. घडी उलगडली की ते नऊ वारच भरते, एक सूतही कमी होत नाही.

ही घडी पडते अंदाजाच्या जोरावर. मैफलीतला जाणता श्रोता सम येण्याआधीच मान डोलावण्याच्या तयारीत असतो. मागचे ऐकून पुढचे त्याला कळत असते. एन्कोडर नेमके हेच करतो. मागची काही मोजमापे पाहून पुढचे मोजमाप काय असेल याचा तो अंदाज बांधतो, आणि फाईलीत पूर्ण आकडा न लिहिता अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहितो. अंदाज चांगला असेल तर फरक लहान, आणि लहान आकड्याला जागाही थोडी. तानपुऱ्याच्या संथ झंकाराचा अंदाज सहज बांधता येतो, म्हणून त्याची घडी छोटी पडते. टाळ-झांजांचा कल्लोळ किंवा टाळ्यांचा कडकडाट यांचा अंदाज बांधणे कठीण, म्हणून ती फाईल फुगते. सर्वसाधारणपणे फ्लॅकची फाईल मूळच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असते.

अंदाजाची ही विद्या तशी जुनी आहे. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ बिष्णू अटल यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मनुष्याच्या बोलण्यासाठी याच धर्तीचे काम केले. उरलेला फरक थोडक्या जागेत लिहिण्याची युक्ती रॉबर्ट राइस यांच्या नावाने ओळखली जाते. ती निघाली अवकाशयानांकडून येणारी माहिती आटोपशीर करण्याच्या गरजेतून. जॉश कोल्सन या प्रोग्रॅमरने २००० साली फ्लॅकचे काम सुरू केले. जुलै २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघाली, आणि २००३ साली हा प्रकल्प झिफ या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेला. ही पद्धत कोणालाही फुकट वापरता येते.

आता मुद्द्याची गोष्ट. फ्लॅकमध्ये घडी उलगडण्याचा नियम कायमचा ठरलेला आहे. घडी कशी घालावी हे मात्र एन्कोडरच्या कौशल्यावर सोडलेले आहे. अंदाज बांधण्यासाठी मागची किती मोजमापे पाहावीत, गाण्याचे तुकडे किती लांबीचे पाडावेत, डाव्या-उजव्या बाजूंतले साम्य कसे वापरावे, याच्या असंख्य तऱ्हा आहेत. एन्कोडरला ० ते ८ अशा पायऱ्या दिलेल्या असतात. पायरी वरची असेल तितका तो अधिक खटपट करतो. नव्या आवृत्तीत ही खटपट अधिक हुशारीने किंवा अधिक वेगाने होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या १.४.० या आवृत्तीत आतली आकडेमोड अधिक काटेकोर झाली. फेब्रुवारी २०२५ च्या १.५.० मध्ये संगणकाच्या प्रोसेसरचे अनेक भाग एकाच वेळी कामाला लावण्याची सोय आली. या सुधारणा खऱ्या आहेत, आणि करणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

पण यातून आपल्या गाण्याला काय मिळते? आवाजाच्या दृष्टीने पाहिले तर काहीही नाही. जुनी फाईल उलगडली काय नि नवी उलगडली काय, हाती येणारे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. नव्या एन्कोडरने गाणे ‘स्वच्छ’ लागते, ‘खुलते’ असे कोणी म्हणत असेल तर तो मनाचा खेळ आहे. उरली जागा. जुन्या आवृत्तीने वरच्या पायरीवर केलेली फाईल नव्याने केली तर ती लहान होते ती बहुधा टक्क्याच्या आत. खालच्या पायरीवरून वर आणली तर थोडी जास्त. आपण उदार होऊन पूर्ण एक टक्का धरू. संग्रह २०० तासांचा आहे असे समजू आणि तासाला ३५० मेगाबाइट धरू. एकूण झाले ७० गिगाबाइट. एक टक्का म्हणजे ०.७ गिगाबाइट; बाजारातल्या लहानात लहान पेन-ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल एवढी जागा. एवढ्यासाठी दोनशे तासांच्या दुर्मिळ गाण्याची प्रत्येक घडी मोडायची? आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आपल्या संग्रहाच्या बाबतीत तर हा लाभ आणखी घटण्याचा संभव आहे, आणि त्याचे कारण मोठे उद्बोधक आहे. जुन्या कॅसेटीत गाण्याबरोबर फितीची एक अखंड खरखर असते. खरखरीचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. ज्याचा अंदाज बांधता येत नाही तीच तर खरखर. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ साली सिद्ध केले की, माहिती काहीही न गमावता आवळण्याला एक शेवटची मर्यादा असते, आणि ती त्या माहितीतल्या अनिश्चिततेवर ठरते. जुन्या कॅसेटीवरून केलेल्या फ्लॅक फाईलीतला बराच मोठा भाग, आपल्याला आवडो न आवडो, गायकाच्या गळ्याने नव्हे तर फितीच्या खरखरीने व्यापलेला असतो. उद्या आणखी दहा नव्या आवृत्त्या निघाल्या तरी हा भाग लहान होणार नाही.

या सूचनेच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात त्यांचा आता क्रमाने विचार करू. कारण प्रतिपक्षाचे न ऐकता निकाल देणे हे आपल्या वादविवाद मंडळाच्या परंपरेत बसत नाही.

पहिला मुद्दा असा की, जुन्या एन्कोडरच्या फाईली पुढे वाचता येणार नाहीत. ही भीती सच्ची आहे, कारण संगणकाच्या जगात कालची फाईल आज न उघडण्याचा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. पण फ्लॅकला ती लागू नाही. फाईलीचा साचा २००१ सालीच पक्का केला गेला, आणि त्या वेळी बनवलेली फाईल आजचा डिकोडर बिनतक्रार उलगडतो. डिसेंबर २०२४ मध्ये तर इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने फ्लॅकचा संपूर्ण नियम आरएफसी ९६३९ या क्रमांकाने लेखी प्रसिद्ध केला. उद्या सगळे प्रोग्रॅम नाहीसे झाले तरी तो दस्तऐवज वाचून जाणता माणूस नवा डिकोडर लिहू शकेल. थोडक्यात, घडी कोणी घातली याला महत्त्व नाही. ती उलगडण्याची रीत लिहून ठेवलेली आहे.

दुसरा मुद्दा असा की, या निमित्ताने प्रत्येक फाईल तपासली जाईल. हा मुद्दा वजनदार आहे, आणि मला तो अर्धा मान्य आहे. फ्लॅक फाईलीच्या आरंभी मूळ आकड्यांवरून काढलेला एक ठसा नोंदवलेला असतो. त्याला एमडी-५ म्हणतात. अंगठ्याच्या ठशासारखेच ते. गाणे उलगडून पुन्हा ठसा काढला आणि तो जुळला, तर साठवल्यापासून आजवर एका बिटाचाही फरक पडलेला नाही अशी खात्री बाळगावी. हार्ड डिस्क जुनी होते, प्रती करताना घोटाळे होतात. तेव्हा ही तपासणी अधूनमधून केलीच पाहिजे. पण तपासण्यासाठी पुन्हा एन्कोड करण्याची गरज नाही. फ्लॅकच्या प्रोग्रॅममध्ये नुसती तपासणी करण्याची सोय पहिल्यापासून आहे. ती फाईल उलगडते, ठसा पडताळते आणि मूळ फाईलीला बोटही न लावता निकाल सांगते. लुगड्याला कसर लागली का हे घडी न मोडता पाहता येत असेल, तर ती मोडायची कशाला?

तिसरा मुद्दा मनातला, आणि खरे तर सर्वांत प्रबळ: ‘बिघडते काय? आवाज तर बदलत नाही!’ तत्त्वतः हे खरे आहे. फ्लॅकवरून फ्लॅक कितीही वेळा केले तरी सूर झिजत नाही. परंतु तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर असते. समजा एखादी जुनी फाईल आधीच थोडी बिघडलेली आहे. नीट वागणारा एन्कोडर तेथे अडखळतो आणि ओरडून सांगतो. पण शेकडो फाईली रांगेत लावणारा उतावळा माणूस ‘चुका आल्या तरी पुढे चालू ठेव’ अशी आज्ञा देऊन चहाला जातो. मग बिघडलेल्या जागी शांतता नाही तर खाड् असा आवाज भरला जातो, आणि त्या जखमी गाण्यावरून नवा ठसा काढून नव्या फाईलीत नोंदवला जातो. पुढे कोणीही तपासणी केली तरी ठसा बरोबर जुळणार. म्हणजे बिघाडाला निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, आणि तो पकडण्याचा एकमेव पुरावा पुसला गेला. जुनी फाईल तोवर काढून टाकली असेल तर बोलणेच खुंटले.

याखेरीज लहानसहान धोके आहेतच. सगळी साधने फाईलीवरची माहिती, म्हणजे गायकाचे नाव, राग, तारीख, जशीच्या तशी नव्या फाईलीत नेत नाहीत. काही साधने त्यांना न समजणाऱ्या नोंदी गुपचूप गाळतात. फाईल लिहिली जात असताना वीज गेली तर अर्धवट फाईल उरते. आणि प्रत्येक फाईल बदलली की इतरत्र ठेवलेली प्रत्येक प्रतही शिळी ठरते. मग सर्व प्रती पुन्हा करा, पुन्हा मोजा, पुन्हा जुळवा. यांतला एकही धोका अटळ नाही. काळजीपूर्वक काम करणारा माणूस ते सगळे टाळू शकतो. प्रश्न एवढाच की, तीच काळजी, तीच चिकाटी आणि तेच सुटीचे दिवस अधिक मोलाच्या कामी लावता येतात की नाही.

माझे म्हणणे असे की, आपल्या संग्रहाचे खरे नुकसान फाईलीच्या आत होतच नाही. ते फाईल जन्माला येण्यापूर्वी झालेले असते आणि ती जन्मल्यावर तिच्या अवतीभवती होत राहते. एन्कोडरला ते दिसत नाही.

उतरवण्याचीच गोष्ट घ्या. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणे धरले असेल तर त्या वेळी फीत सावकाश फिरलेली असते. तीच फीत नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली की गाणे धावते आणि सूर चढतो. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की पुरा अर्धा सूर बदलतो. काळी एकमध्ये गाणारी बाई फाईलीत पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येते, तिचा आवाज आहे त्यापेक्षा कोवळा वाटतो आणि लय विनाकारण चढी भासते. उद्याचा अभ्यासक त्यावरून तिच्या गायकीविषयी निष्कर्ष काढील. तिकडे सहा टक्क्यांनी गाणेच बदलले, आणि इकडे आपण एक टक्का जागेसाठी सुटी खर्च करणार! टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरके असले तर वरचे सूर, तबल्याच्या चाटीची धार, सतारीची झणक बोथट होते. हे सारे फ्लॅकने इमानेइतबारे जपले आहे. म्हणजे दोषही इमानेइतबारे जपले आहेत. ‘काहीही न गमावता’ या शब्दांचा अर्थ ‘संगणकात शिरल्यानंतर काहीही न गमावता’ एवढाच आहे, हे आपण विसरतो.

ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, जुनी ध्वनिमुद्रणे उतरवण्याविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. तिच्यात किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, असे प्रमाण सुचवले आहे. शिवाय यंत्राची देखभाल आणि फितीची हाताळणी यांनाही भरपूर जागा दिली आहे. आपल्या बऱ्याच फाईली १६ बिटांच्या, घरच्या यंत्रावरून घाईने उतरवलेल्या आहेत. त्यांच्या मूळ कॅसेटी कपाटात अजून शिल्लक आहेत, पण फीत दर पावसाळ्याला थोडी जीर्ण होते आणि चांगले चालणारे यंत्र व ते दुरुस्त करणारा कारागीर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. फाईलीची घडी दहा वर्षांनीही बदलता येईल. फीत मात्र दहा वर्षांनी वाजेलच असे नाही. कोणते काम आधी, हे सांगण्यास एवढे पुरे.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्या यादीत ‘भजन – बाजू दोन’, ‘बाई – यमन – चांगले’ अशा नोंदी आहेत. बाई कोण? तबल्याला कोण? कोणत्या वर्षी, कोणत्या वाड्यात? येथे महाराष्ट्रातलेच एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासक जोडीने खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या प्रयत्नातून लेखी उतरल्या. पुढे त्यांतल्या अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने ही ठेव सर्वांसाठी खुली केली. तेथे ओवीबरोबर ती गाणारीचे नाव, तिचे गाव, तालुका, जिल्हा हे तपशील दिलेले आढळतात. ज्या बायकांना स्वतःच्या घरातही ‘अमक्याची आई’ एवढीच ओळख होती, त्या तेथे नावानिशी उभ्या आहेत. फाईल कोणत्या एन्कोडरने केली हे तेथे कोणी विचारीत नाही. विचारतात ते, ही बाई कोण होती? आपल्या संग्रहातल्या बाईविषयी हा प्रश्न आला तर उत्तर देणारी माणसे आज गावात आहेत. कोणी तेव्हाचे पेटीवादक आहेत, कोणी बैठकीला सतरंज्या घालणारे. वय सर्वांचेच झाले आहे. त्यांच्या आठवणीची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नाही.

तिसरी गोष्ट प्रतींची. संपूर्ण संग्रह मंडळाच्या खोलीतल्या एका हार्ड डिस्कवर आहे, आणि त्याची एकुलती प्रत त्याच खोलीतल्या त्याच कपाटात. आग, पाणी किंवा चोर आला तर दोन्ही एकदमच जातील. एक प्रत ग्रंथालयात आणि एक गावाबाहेर कोणा विश्वासू माणसाकडे ठेवण्यास एक दुपार पुरते. ती दुपार आजवर कोणाला सापडली नाही. आणि नव्या एन्कोडरसाठी मात्र पूर्ण उन्हाळा सापडला, याला काय म्हणावे? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

मग जुन्या फाईलीला कधीच हात लावू नये काय? तसे माझे म्हणणे नाही. काही प्रसंगी पुन्हा एन्कोड करणे हेच शहाणपणाचे. फाईल फ्लॅकची नसून शॉर्टनसारख्या मागे पडलेल्या पद्धतीची असेल, तर ती उघडणारी साधने मिळताहेत तोवर फ्लॅकमध्ये आणावी. तेथे प्रश्न आवृत्तीचा नसून पद्धतीचाच आहे. काही जुन्या फाईलींत ठशाची जागा कोरी असते. अशा फाईली लक्षपूर्वक ऐकून, सुस्थितीत आहेत असे पाहून नव्याने कराव्यात, म्हणजे पुढच्यांना पडताळणीचे साधन मिळेल. एखादे गाणे फितीवरून नव्याने उतरवले तर ते अर्थातच नव्या एन्कोडरने साठवावे. हाताशी चांगले हत्यार असताना बोथट वापरण्यात पुरुषार्थ नाही. आणि ज्यांचा संग्रह इतका मोठा आहे की एक टक्का म्हणजे डिस्कांचे कपाटच, त्यांचा हिशेब वेगळा. आपण त्या पंक्तीत बसत नाही. हेही सांगितले पाहिजे की एमपी-थ्रीची फाईल फ्लॅकमध्ये आणून काहीही साधत नाही; कापलेले परत जोडले जात नाही, उलट पुढचा माणूस फसतो.

तेव्हा सूचनेला माझी उपसूचना अशी. उन्हाळ्याच्या पहिल्या दोन दिवसांत सर्व फाईलींची नुसती तपासणी करावी; संगणक ते काम रात्रीतून करील. ठसा न जुळणाऱ्या फाईलींची यादी भिंतीवर लावावी. तिसऱ्या दिवशी दोन प्रती करून दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचवाव्यात. उरलेली सुटी दोन तुकड्यांनी वाटून घ्यावी. एका तुकडीने कपाटातल्या फितींतून सर्वांत जीर्ण आणि सर्वांत मोलाच्या फिती निवडून, यंत्र नीट करून घेऊन, पेटीच्या सुराशी वेग पडताळून त्या नव्याने उतरवाव्यात. दुसऱ्या तुकडीने वही आणि गाणी घेऊन गावातल्या जाणत्यांच्या दारी जावे, त्यांना ती ऐकवावीत आणि ते जे सांगतील ते शब्दशः टिपून घ्यावे. मराठी आणि इतिहास विभागांतल्या विद्यार्थ्यांनाही या तुकडीत पुष्कळ करण्यासारखे आहे. प्राध्यापकांनी ते काम प्रकल्प म्हणून मान्य केले तर दुधात साखर.

हे काम संथ आहे. पडद्यावर हिरवी रेषा सरकताना आणि फाईलींचे आकडे घटताना पाहण्यात जे तात्काळ समाधान मिळते, ते यात नाही. एका दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे बसून हाती फक्त एक नाव लागेल. कधी तेही लागणार नाही. पण ते नाव एकदा फाईलीवर चढले की कोणत्याही आवृत्तीचा एन्कोडर ते पुढे नेईल. न लिहिलेले नाव मात्र कोणताही एन्कोडर, कितीही नवा असला तरी, शोधून देणार नाही. मंडळाच्या येत्या बैठकीत मत देताना सभासदांनी एवढे ध्यानात घ्यावे, ही विनंती.